तीन नंबरच्या घरातलं शून्य

प्रिय मावशी,

पत्र हातात आलं की तू आधी शेवटची ओळ वाचतेस, हे मला ठाऊक आहे. म्हणून निकाल वरच लिहितो, उगाच पानं उलटू नकोस. तुझं नाव सुटलं. कारखान्याच्या वहीत तीन नंबरच्या घरातलं ते शून्य तू लिहिलं नव्हतंस, असं आज सकाळी चौकशीच्या कागदावर लेखी ठरलं. आपल्या विभागाच्या मॅडमनी सही केली, खाली मोठ्या साहेबांनी केली आणि फोरमननी कागद मला दाखवला. मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचला, तू शिकवलंस तसा. तुझ्या डोळ्यांत काही बिघाड नाही, डोक्यात तर त्याहून नाही. आता घोटभर चहा पिऊन ये, पुढचं लांबलचक आहे.

फोन का केला नाहीस, असं म्हणशील. फोनवर तू मला पुरं बोलू देतेस का? जेवलास का, केस कापलेस का, नवीन नोकरी शोधत नाहीयेस ना, यातच अर्धा वेळ जातो आणि उरलेल्या अर्ध्यात मी पळवाट काढतो. कागदावर पळता येत नाही. ओळ खोडली तरी खोडलेली दिसते. आधीची तीन पानं फाडली, हे चौथं. शुद्धलेखन तपासत बसू नकोस, लाल पेन लेकीकडे देऊन टाक.

इकडची खबर अशी की तुझ्या खुर्चीवर अजून कोणी बसलेलं नाही. पहिल्या पाळीचा एक जण बसायला गेला होता, फोरमन म्हणाले, "ती खुर्ची चावते." तुझा चष्म्याचा डबा खिडकीत तसाच आहे. दोन नंबरचा पंप बदलला. नवा इतका शांत चालतो की चालू आहे का बंद ते हात लावून बघावं लागतं. जुना बरा होता, निदान खोकत होता.

आणि तुझ्या जावयाला अजून वाटतं ना, की आपण सोड्याच्या बाटल्या भरतो? त्याला एवढा परिच्छेद वाचून दाखव, बाकीचा नको. जावईबापू, गॅस सोड्यातलाच, कार्बन डायऑक्साइड, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण आम्ही त्याला पोलादाच्या जाड भांड्यात कोंडतो. त्या भांड्याला सगळे कुकर म्हणतात. आत आधीच पूड भरलेली असते, जुन्या कॉम्प्युटरांतली आणि मोटारींतली लोहचुंबकं भाजून, दळून केलेली. तिच्यातले मोलाचे धातू आम्हाला वेगळे काढायचे असतात. मग गॅसला इतका दाबायचा आणि वर थोडी ऊब द्यायची की तो धड वायू राहत नाही आणि धड पाणीही होत नाही. वायूसारखा कणाकणात शिरतो आणि पाण्यासारखा विरघळवून घेतो. मात्र एकटा तो धातूला विचारत नाही. त्याच्याबरोबर आम्लात मुरवलेलं एक रसायन द्यावं लागतं. ते धातूचा हात धरतं आणि त्याला गॅसच्या गाडीत बसवून देतं. पुढच्या भांड्यात दाब उतरवला की गॅस उडून टाकीत परत, आणि धातू त्या रसायनासकट खाली. मॅडमनी त्या रसायनाला मध्यस्थ म्हटलं होतं आणि तू भर बैठकीत म्हणाली होतीस, "मध्यस्थ कसला, लग्न जमवणारी बाई आहे ती. आणि काम झाल्यावर तिलाच सगळे विसरतात." मॅडमना हसू आवरेना. त्या धातूंना दुर्मिळ म्हणतात, पण मॅडम म्हणतात ते तसे दुर्मिळ नाहीत, सगळीकडे आहेत, फक्त एका जागी गोळा होऊन बसत नाहीत. हे ऐकून तू माझ्याकडे बघितलंस. 

खरंच होतं ते. अकरा नोकऱ्या सोडून मी तुझ्याकडे आलो होतो. एक ना धड, भाराभर चिंध्या. पहिल्या दिवशी मी तुला "अहो मावशी, तुम्ही" करायला लागलो तर तू म्हणालीस, "इथे दोनशे बारचा दाब असतो. तुम्ही, आम्ही, कृपया करत बसलास तर व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत आपण दोघं छपरावर जाऊ. अगं म्हण आणि ओरडून म्हण." आईलासुद्धा मी इतक्या लवकर अगं म्हटलं नसेल. मग तू मला एक नंबरच्या कुकरजवळ नेलंस. त्याच्या पोटाला ती जाड काचेची खिडकी आहे, बशीएवढी. खाली पाण्यासारखा झालेला गॅस, वर नुसता वायू आणि मधे रेघ, असं दिसत होतं. तू म्हणालीस, "रेघेवर नजर ठेव. हललास तर चुकेल." मी दर मिनिटाला हलत होतो. तरी बघितलं. काटा चढत गेला, रेघ थरथरली, धूसर झाली आणि मग नव्हतीच. वर काय, खाली काय, काही कळेना. मी म्हटलं, "गेलं कुठे?" तू म्हणालीस, "कुठे नाही गेलं. दोन्ही एक झालं." त्या दिवसापासून मला तू भिंगरी म्हणायला लागलीस, आणि त्या दिवसापासून मी पंधरा महिने टिकलो. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, दुसरा कोणी बोलतोय का फोनवर?

आणि वाचायला. चौथीतून पळालेला मी, सहीपुरता साक्षर. डबा खाताना तू मला कुकरवरच्या पाट्या वाचायला लावायचीस. 'दाब' आधी आलं, मग 'धोका', मग 'हात लावू नये'. प्रेमपत्रात वापरता येईल असा एकही शब्द तू पहिल्या दोन महिन्यांत शिकवला नाहीस. पण तेव्हा लिहायचं म्हटलं की माझा हात आखडायचा, आता या पत्रात सुटलाय तसा नव्हता. म्हणून आपली वाटणी झाली होती. मी फेरी मारायची, आकडे बघून ओरडायचे, तू वहीत लिहायचे. मी वहीत लिहीत नाही हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. इथेच सगळं अडकलं, मावशी.

आता तो दिवस. तुला आठवतोय तेवढा तू मला दहादा सांगितला आहेस. माझ्याकडचा मी एकदाच सांगतो. तीन नंबरचा दाबाचा काटा तपासायला बाहेर पाठवला होता, त्यामुळे त्याचा दाब फक्त काचेच्या खोलीतल्या पॅनलवर दिसत होता. तू एक नंबरचा आकडा लिहिलास, दोन नंबर रिकामा होता म्हणून तिथे शून्य लिहिलंस. तेवढ्यात सिलिंडरची गाडी आली आणि तुला फाटकावर बोलावलं. जाता जाता म्हणालीस, "तीनचा गॅस सोड, व्हॉल्व्हला पाव फेरा, जास्त नको." मला घाई. कसली ते विचारू नकोस, मला नेहमीच असते. मी अर्धा फेरा दिला. एवढं चौकशीत निघालंच आणि त्याबद्दल मी बोलणी खाल्ली. जोरात सोडला की गॅस गारठतो, नळीत बर्फ होतो आणि नळी तुंबते. फुसफुस थांबते. बाहेरून वाटतं कुकर रिकामा झाला, आणि आत उरलेला दाब तसाच. नळी तुंबते हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर कानावर जायचं नाही, आकड्यावर जायचं. मी कानावर गेलो. पॅनलसमोरून गेलो, पण मान वर केली नाही.

मग मी वहीपाशी आलो. आदल्याच दिवशी मॅडम मला बोलल्या होत्या, "फेरी मारलीस हे मला कळणार कसं? वहीत काहीतरी दिसू दे." तर मी पेन उचललं आणि तीनच्या घरात एक गोल काढलं. फेरी झाली, म्हणून गोल. एक फेरी, एक गोल. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. उलट बरं वाटलं, की वहीत माझंही काहीतरी आलं. आणि झाकणाची नवी रबरी रिंग आणायला मी स्टोअरमध्ये गेलो.

तू परत आलीस. फुसफुस नाही. वहीत तीनच्या घरात शून्य. तू पाना उचललास. मी दारात पोचलो तेव्हा तू दुसऱ्या बोल्टवर होतीस आणि झाकणातून ती शिट्टी निघाली. तो आवाज मला अजून केटलीतूनही ऐकू येतो. तू मागे न बघता ओरडलीस, "पळ, वेड्या!" मी पळालो. तू पळाली नाहीस. पांढऱ्या धुरात उभी राहून तू दोन्ही बोल्ट परत आवळलेस आणि मग बाहेर आलीस. हवेतला प्राणवायू कमी झाल्याचा भोंगा वाजत होता, आणि तू हात छातीशी धरून विचारत होतीस की भिंगरी बाहेर आहे ना? तुझी दोन बोटं गारठ्याने भाजली होती. गारठ्यानेही भाजतं हे मी तेव्हा बघितलं.

चौकशीला आपण दोघं एकाच बाकावर बसलो होतो. पॅनलच्या यंत्रात नोंद निघाली की त्या वेळी तीन नंबरमध्ये शेहेचाळीस बार होते. वहीत शून्य. मोठ्या साहेबांनी वही तुझ्यापुढे सरकवली. तू चष्मा लावून बघितलंस, काढून बघितलंस. मग म्हणालीस, "दोनचं शून्य तीनच्या घरातही लिहिलं असणार. माझंच आहे. लिहिल्याचं आठवत नाही, पण वही माझी, म्हणजे माझंच." ते 'आठवत नाही' तू इतक्या हळू म्हणालीस की साहेबांनी परत विचारलं. मग त्यांनी मला विचारलं, तू काय बघितलंस? मी म्हटलं, मी स्टोअरमध्ये होतो. शब्दन् शब्द खरा. मला कोणी विचारलंच नाही की हे तू काढलंस का, आणि कोणी का विचारावं? मी लिहीत नाही हे सगळ्यांना ठाऊक. मी बाकावर बसून राहिलो. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा माझे पाय हलले नाहीत.

मला वाटलं होतं तुला समज देतील आणि सोडून देतील. त्यांनी तुला डोळे तपासून घ्यायला घरी पाठवलं आणि निकाल लागेपर्यंत येऊ नका म्हणाले. तू निघालीस तेव्हा मला म्हणालीस, "अर्धा फेरा दिलास म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. आकडा बघायचं काम माझं होतं." मी तुझी बॅग गाडीत ठेवली. खरं तर तेव्हा एका वाक्यात काम झालं असतं. आता बघ किती पानं लागली.

रोज म्हणायचो, उद्या सांगू. असे तीन आठवडे गेले. त्या रविवारी मी फोन केला तेव्हा तू हसत होतीस. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत, असं सांगितलंस. मी म्हटलं, सुटलो. तर तू म्हणालीस, "उत्तमच तर नकोय रे. डोळे चांगले म्हणजे गडबड वर आहे. नातीच्या औषधाचं माप आता जावई घेतो. पाचाच्या जागी पंधरा ओतलं तर? नको रे बाबा." आणि परत हसलीस. दोनशे बारचा कुकर अठरा वर्षं सांभाळणारी बाई चमचाभर औषधाला घाबरते, आणि ते हसत सांगते. फोन ठेवला आणि मला बसवेना, उभं राहवेना. तुझी बोटं बरी होत होती, पण तुझा स्वतःवरचा भरवसा मी घेऊन बसलो होतो, आणि तो असाच आणखी महिनाभर माझ्याकडे राहिला असता तर तुला परत करूनही उपयोग झाला नसता.

सोमवारी सकाळी मॅडम गाडीतून उतरल्या तेव्हा मी त्यांच्या दाराशी उभा होतो. म्हटलं, "मॅडम, ते शून्य नाही." त्या म्हणाल्या, "काय नाही?" म्हटलं, "ते गोल आहे." त्यांना वाटलं मला ताप आहे. मग मी सगळं सांगितलं, जसं तुला आत्ता सांगतोय तसं, फक्त तुझ्यासमोर घाम येतोय तेवढा तिथे आला नाही. त्यांनी कोरा कागद दिला, "काढ." मी दहा गोल काढली. त्यांनी वहीची जुनी पानं उघडली आणि भिंग घेऊन बसल्या. तुझी शून्यं उभट, अंड्यासारखी, वरून सुरू होतात आणि पेन उचलताना बारीकशी शेपूट राहते. माझं गोल खालून सुरू होतं, उलट्या बाजूने फिरतं, चाकासारखं. बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे तर आंधळ्यालाही दिसेल."  मग म्हणाल्या, "तीन आठवडे कुठे होतास?"  त्याच पुढे म्हणाल्या, "आणि आम्ही तरी कुठे होतो? शून्य दिसलं आणि शून्य म्हणून मोकळे झालो."

मला वाटलं बारावी नोकरीही गेली. मी खिशातून ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते परत माझ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, "तुला काढलं तर पुढच्या वेळी कोण येऊन सांगेल?" पण सोडलंही नाही, आणि लेखी निकाल लागेपर्यंत तुला काही कळवायचं नाही असं बजावलं. दहा दिवस फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि नंतर तीन महिने खाली दळणाच्या खोलीत ट्रे धुवायचे. धुतोय. काळ्या पुडीने कोपरापर्यंत रंगलेला असतो. गंमत सांगू? मला झोप लागते. पडल्या पडल्या लागते.

वहीही बदलली. आता रिकाम्या कुकरसमोर आकडा चालत नाही, अक्षरात 'शून्य' लिहायचं, आणि खाली लिहिणाऱ्याची सही. फोरमननी पहिल्याच दिवशी 'शुन्य' लिहिलं, ऱ्हस्व. मी चौथी नापास, मी चूक काढली. त्यांचं तोंड बघायला तू हवी होतीस. ते म्हणाले, "ही त्या बाईची शिकवणी." म्हटलं, हो, दीर्घ आहे, रेघ लांब ओढा. आता मला मागून सगळे गोल्या म्हणतात. म्हणू देत, तेवढं चालतं. तुला मात्र भिंगरीच म्हणावं लागेल.

आणि नातीचं औषध आजपासून तूच मोज. जावयाला म्हणावं, बाजूला हो.

आता हे पत्र आज घाईने टपालात का टाकतोय ते. कारखान्याचं पत्र तुला दोन-तीन दिवसांत येईल. ते चांगलं आहे, माफी मागितली आहे, पहिल्या तारखेपासून कामावर बोलावलं आहे. पण त्यात 'नोंदीतील गैरसमजामुळे' एवढंच छापलं आहे. कोणाची नोंद, ते नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, कारखान्याच्या कागदावर नावं घालत नाहीत. त्याच पाकिटात एक फॉर्म आहे. परत येणाऱ्याने आपला जोडीदार स्वतः निवडायचा, असा मॅडमनी नवा नियम केला आहे, आणि तिथे एक रिकामी ओळ आहे. माझं नाव घातलं तर ते खालचे तीन महिने संपल्यावर लागू होईल. तू पाकीट फोडशील आणि चष्मासुद्धा न शोधता त्या ओळीवर माझं नाव लिहून मोकळी होशील, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून माझं पत्र आधी पोचायला हवं. ते गोल कोणी काढलं आणि बाकावर कोण गप्प बसलं, हे वाच, दोन दिवस माझ्यावर हवं तेवढं चीड, आणि मग पेन उचल. दुसऱ्या कोणाचं नाव घातलंस तर मी खालूनच ट्रे घेऊन वर येत जाईन आणि तुला अगं म्हणत जाईन, ते काही सुटायचं नाही. माझंच घातलंस, तर ते सगळं ठाऊक असून घातलेलं असेल.

काहीही लिहिलंस तरी तुझाच,
भिंगरी